कळल्यासारखं करू नका

“पँट काढा,” निखिलदादा म्हणाला.

माझ्या बापाला म्हणाला. माझ्यासमोर. पॅकिंग शेडच्या मागे, दिवसाढवळ्या.

त्याच्या हातात लंगोटी होती. नवी कोरी, रत्नागिरीच्या बाजारातून खास आणलेली. खांद्यावर टाकायची घोंगडी मात्र जुनी, त्यांच्या माळ्यावरची. “लुक यायला पाहिजे ना काका. पँटमध्ये तुम्ही कुणीही वाटता.”

कुणीही. म्हणजे माणूस वाटतात, एवढंच ना?

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. बाबा साठीच्या पुढचे. लंगोटी आमच्या आजोबांनी नेसली, ती त्यांच्याबरोबरच गेली. बाबांना मी कळतं तेव्हापासून पँट-शर्टात बघते, घरात लुंगी, भाताच्या चिखलणीला उतरले तर अर्धी चड्डी. ते आंब्याच्या रिकाम्या पेट्यांच्या थप्पीमागे गेले आणि लंगोटी नेसून बाहेर आले. मोहोर धरायचे दिवस, हवेत गारवा होता. त्यांच्या मांड्यांवर काटा आलेला मला दिसला. मुलीने बापाला असं बघू नये. मला बघावं लागलं.

मला आईचं लुगडं नेसायला लावलं होतं. मी बीए आहे. पालीहून एसटीने रत्नागिरीला जाऊन-येऊन शिकले. निखिलदादाला हे माहीत होतं. “कॅमेऱ्यासमोर तेवढं ते बीएवालं तोंड करू नकोस,” असं त्याने आधीच बजावलं होतं.

तुम्ही विचाराल, मग गेलात कशाला? नाही म्हणायचं होतं.

सांगते. अण्णांची कलमांची बाग आहे, पालीपासून आत. निखिल हा त्यांचा मुलगा, पुण्यात शिकून परत आलेला. बागेत त्यांनी पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या. मी तिथे स्वयंपाक करायची, बाबा बाग राखायचे, आई झाडलोट करायची. आणि बागेच्या मधोमध आमचं घर. आजोबांनी डोक्यावरून जांभ्या दगडाचे चिरे वाहून बांधलेलं. घर आमचं, घराखालची जमीन अण्णांची. चारी बाजूंनी त्यांचा दगडी गडगा आणि बाहेर पडायला त्यांचंच फाटक. ‘आमच्या जागेत राहता’ असं कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं. बोलायची गरजच पडली नव्हती. आम्ही आपले न सांगताच वाकत होतो. आई म्हणायची, “पान्यात रावून माशाशी वैर करू नये, बाय.” मी जन्मले तीच त्या पाण्यात.

निखिलदादाचं यूट्यूबवर चॅनल आहे. खेड्यातली माणसं काहीतरी पहिल्यांदा बघतात आणि तोंडात बोट घालतात, हे त्याचं भांडवल. आधी आम्हाला पिझ्झा दिला. मी कॉलेजात असताना खाल्लेला होता, तरी ‘भाकरीवर हे काय सांडलंय’ असं विचारायचं होतं. विचारलं. मग डोळ्यांना बांधायचा तो चष्मा आला, त्यात वाघ बघून किंचाळायचं होतं. किंचाळले. आणि आता तमिळ रॅप.

लॅपटॉप समोरच्या पेटीवर ठेवला. निखिलच्या मित्राने कॅमेरा सुरू केला.

पडद्यावर आधी समुद्र दिसला. होड्या, वाळत घातलेली जाळी, आपल्या जयगडला असतं तसं सगळं. मग ढोल घुमला आणि एक काळाकुळकुळीत पोरगा तोंड उघडून सुटला. सुटला म्हणजे सुटलाच. श्वास कधी घेत होता देव जाणे. तापल्या कढईत लाह्या फुटाव्यात तसे शब्द. मला एक अक्षर कळलं नाही. त्याच्या मागे माणसं उभी होती. मासळी विकणाऱ्या म्हाताऱ्या, हमाली करणारी पोरं, सगळी आमच्या रंगाची, कुणी लुंगीत, कुणी अनवाणी. पण ती लुंगी त्यांची त्यांनी नेसलेली होती. कुणी उगाच दात काढत नव्हतं. कुणी मान खाली घालत नव्हतं. कॅमेरा खाली होता आणि ती माणसं वर.

माझ्या अंगावर शहारा आला. पाय आपोआप ठेका धरायला लागला. अंगावरचं लुगडं, शेजारी उघडा बसलेला बाप, सगळं विसरले. शप्पथ सांगते, मला आनंद झाला.

बाबांचं वेगळंच झालं. आमच्याकडे गणपतीत जाखडी नाचतात. पायात चाळ बांधून पोरं गोल फिरतात, मधे ढोलकी आणि गाणारा शाहीर. पाहुणे त्याला बाल्या डान्स म्हणतात. मुंबईत शेठच्या घरी भांडी घासायला गेलेल्या आमच्या माणसांना पूर्वी बाल्या म्हणून हाक मारायचे, तेच नाव नाचाला चिकटलं. नाच आमचा, नाव त्यांचं. तर या नाचात शक्तीवाले आणि तुरेवाले अशा दोन बाजू असतात. एका शाहिराने गाण्यात सवाल टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे जवाब जोडायचा. जो गप्प बसला तो हरला. बाबा तुरेवाल्यांचे शाहीर. जन्मात कधी गप्प बसून हरले नाहीत. म्हणजे, गाण्यात.

तो पोरगा दम खायला थांबला, नुसता ढोल वाजत राहिला, आणि बाबांनी मांडीवर थाप मारली. डोळे मिटले, एक हात कानावर ठेवला आणि लॅपटॉपला जवाब द्यायला सुरुवात केली. त्याच ठेक्यात, तेवढ्याच वेगात.

“तुजा दर्या तुला रं गड्या, माजा डोंगूर मला,
चल दोगं बसून सांगू ह्यो मुलुख कुनी पेरला.”

आवाज असा लागला की शेडच्या पत्र्यावरचे कावळे उडाले. लंगोटीतला म्हातारा मला दिसेना. नुसता शाहीर दिसत होता.

“कट, कट.” निखिलदादा पोट धरून हसत होता. “काका, काय करताय? तो काय तुमच्याशी बोलतोय का?”

बाबा गोंधळले. “समोरच्यानं सवाल टाकलान. मंग गप कसा रवायचा?”

ते दोघं आणखी हसले. मग हसू पुसून निखिलदादा माझ्याकडे वळला. “आणि तू काय ठेका धरतेस? हे बघा, कळल्यासारखं करू नका. न कळल्यासारखं करा. तुम्हाला कळलं तर आमचा व्हिडिओ बघणार कोण?”

आजपर्यंत मला खूप जण खूप काय काय बोलले आहेत. कॉलेजात माझ्या बोलण्याच्या हेलावर हसले, त्याचं काही वाटलं नाही. पण हे वाक्य अंगात रुतून बसलं. म्हणजे आम्ही अडाणी आहोत असा या लोकांचा गैरसमज नव्हताच. त्यांना चांगलं माहीत होतं. आम्ही अडाणी दिसायला हवे होतो, बस.

पुन्हा शूटिंग झालं. मी डोळे फाडले, जबडा खाली सोडला. बाबांनी कान झाकून म्हणायचं होतं, “ह्या पेटीत भूत शिरला काय?” म्हणाले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फरक इतकाच की आमचं तोंड उघडं ठेवून मारत होते.

व्हिडिओ आला. नाव दिलं होतं, ‘आदिवासी आजोबांनी पहिल्यांदा ऐकला रॅप’. आम्ही कुणबी, पण निखिलदादाला त्याचं काय? आणि आदिवासी असतो तरी काय, आमचा बाप असा नागवा करून दाखवायचा? बाबांचा जवाबसुद्धा त्यात होता. फक्त आवाज काढून टाकला होता आणि त्या जागी गाढवाचं ओरडणं घातलं होतं. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांचा ढीग.

गावच्या ग्रुपवर आला, मुंबईच्या भावकीत फिरला. बाबांना तो पालीच्या हॉटेलात कुणीतरी दाखवला, चहा पिताना. ते घरी आले, जेवले, झोपले. त्या दिवसापासून त्यांचं गुणगुणणं बंद झालं. कलमाला खत घालतानाही हा माणूस काहीतरी चाल लावत असायचा. आता नुसता घमेल्याचा आवाज.

मी पालीच्या स्टँडवर बसून तो मूळ तमिळ व्हिडिओ माझ्या फोनवर लावला. बागेत माझ्या फोनला नेट मिळत नाही. खाली इंग्रजीत अर्थ येत होता. वाटलं होतं काहीतरी क्रांतीबिंती असेल. कसलं काय. पोरगा नुसत्या फुशारक्या मारत होता. माझी बोट, माझी आई, आईच्या हातचं कालवण, आमची गल्ली, माझ्यासारखा कुणी नाही. मला हसू आलं आणि मग रडू फुटलं, तिथेच, चारचौघांत.

कारण गणपतीतला आमचा पहिला नाच अण्णांच्या घरापुढच्या खळ्यात व्हायचा. मागल्या पिढ्यांपासून तसं ठरलेलं. ओटीवर त्यांची माणसं बसणार, आम्ही खाली. पहिलं नमन गणपतीला, दुसरं गुरूला, तिसरं अण्णांच्या घराण्याला. बाबांनीच शब्द रचलेत त्याचे. सुंदर आहेत, हेच तर वाईट आहे. त्या खळ्यात उभं राहून ‘माझ्यासारखा कुणी नाही’ म्हणायची आमच्यातल्या एकाचीही टाप नव्हती. आणि हा मासेमाराचा पोरगा ते इतक्या सहज बोलत होता, इकडेतिकडे न बघता.

शिमग्याच्या आधी पुण्याचे पाहुणे आले. निखिलदादाने त्यांना शब्द दिला होता की व्हायरल आजोबा प्रत्यक्ष दाखवतो. संध्याकाळी खळ्यात खुर्च्या मांडल्या, स्पीकर लावला. ओटीच्या कठड्यावर ती लंगोटी ठेवलेली होती. धुतलेली, इस्त्री केलेली. अण्णा झोपाळ्यावर बसले होते.

बाबांनी मुकाट्याने बेल्टला हात घातला. मी तो हात धरला.

“बाबा कपडे काढणार नाहीत,” मी म्हणाले.

आवाज बारीक निघाला.  उगाच शूरपणा सांगत नाही.

अण्णांनी झोपाळा थांबवला. ते कधीच ओरडत नाहीत. “अगं, गंमत असते ती. त्यात अपमान कसला? घरचीच माणसं आपण.”

“मग घरच्यांनीच नेसावी,” मी म्हणाले. “निखिलदादा नेसू दे. व्हिडिओ मी काढते.”

पाहुण्यांतली एक बाई फिसकन हसली. निखिलदादा लाल झाला. अण्णा शांतपणे म्हणाले, “घर कुणाच्या जागेत आहे, ते विसरलीस वाटतं.”

बोलले एकदाचे. जे कधी बोलावं लागलं नव्हतं ते चारचौघांत, खुर्च्या टाकून बोलले. मला भीती वाटायला हवी होती. उलट छातीवरून चिरा उतरवल्यासारखं झालं.

“बाय, गप रव,” बाबा पुटपुटले. “घर जायल आपला. म्हातारपनी कुटं जाव? मी नेसतो, माज्या काय अंगाला भोकं पडतत?”

ते खरंच नेसायला तयार होते, आमच्यासाठी. ते बघून मला त्यांचा राग आला, आणि त्यांना असं करून ठेवणाऱ्यांचा त्याहून जास्त. मी मनगट सोडलं नाही. फरफटतच म्हणा ना, बापाला खळ्यातून घरी आणलं. मागून स्पीकरवर गाणं सुरू झालं. पाहुण्यांना काहीतरी दाखवायला हवंच होतं.

दुसऱ्या दिवशी आम्हा तिघांचं काम गेलं. मग फाटकाला कुलूप लागलं. आम्ही गडग्यावरून चढून ये-जा करतो, आई गुडघे धरून चढते. विहिरीवरून आमच्याकडे येणारा पाइप कुणीतरी उचलून नेला. पाणी खालच्या वाहत्या पऱ्यावरून डोक्यावर आणतो. “गणपतीच्या आत जागा मोकळी करा,” असा निरोप आला. गावातली माणसं येऊन मलाच समजावतात, माफी माग, मोठी माणसं आहेत, विसरतील. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. ते गात नाहीत ते नाहीतच. कुणी सांगेल की त्या संध्याकाळनंतर सगळं सुरळीत झालं, तर तो थापा मारतोय.

मी रत्नागिरीला वकिलीणबाईंना भेटून आले. त्या म्हणाल्या, सोपं नाही, वर्षं जातील, पण इतक्या पिढ्यांचं राहतं घर असं उठवता येत नाही. फक्त एक करा, घर सोडू नका. दाराला कुलूप दिसलं की ते म्हणतील, बघा, गेले.

मुंबईहून चुलतभावाचा फोन आला. म्हणाला, इकडे ये, मॉलमध्ये लावून देतो, कशाला त्या दगडांत अडकून पडतेस? प्रेमाने बोलला. मी नाही म्हटलं.

अडकले तर आहेच. गडगा आहे, कुलूप आहे, घरात न बोलणारा बाप आहे. पण आता मी इथे राहते ते अण्णांची मर्जी म्हणून नाही. आई पाण्याला गेली की मी घरी असते, मी बाजारात गेले की आई असते. चूल रोज पेटते, धूर त्यांच्या ओटीवरून दिसतो. दिसू दे.

अण्णा, घर पाडायचं असेल तर माणसं घेऊन या. रिकामं मिळणार नाही. आम्ही आत असताना पाडावं लागेल.