उरलेल्या गोळ्यांचा शेजार

इब्तिहाल माझ्या बहिणीची मुलगी. इथे इजिप्तमधल्या मन्सूरा शहरात माझ्या वरच्याच मजल्यावर राहते. आधी जंतूंचं शिकली, मग इतिहासाचं, आणि आता दोन्हींचा काला करून संशोधन करते. जंतू मारणारी औषधं आपल्याकडे कशी आली, कुणी बनवली, घराघरांत कशी मुरली, हा तिचा विषय. विद्यापीठात जंतूवाले म्हणतात, ही बायकांच्या गप्पा गोळा करते. इतिहासवाले म्हणतात, ही बाटल्या हुंगते. धड ना इकडची, ना तिकडची. चाळिशी उलटली तरी लग्नाचं नाव नाही. मी बोलून बोलून थकले.

तिचे वडील, आमचे बयूमी भावजी, जन्मभर इंजेक्शनं-गोळ्यांच्या कारखान्यात होते. ईदला कामगारांना औषधं मिळायची, ती हा माणूस गल्लीभर वाटायचा. कुणाचं पोर तापलं की सुई उकळून हजर. त्यांच्यामुळेच गल्लीत चाल पडली: ताप उतरला की गोळ्या थांबवायच्या आणि उरलेलं पाकीट शेजारी द्यायचं. सगळं स्वतःच संपवणारा तो हावरट. इब्तिहालचं निम्मं संशोधन याच चालीवर. अर्धवट औषधानं जंतू मरत नाहीत, निबर होतात, हे ती गल्लीला घसा कोरडा पडेपर्यंत सांगायची. बायका माना डोलवायच्या आणि तिची पाठ वळली की पाकीट पुढच्या दारात.

यंदा हिवाळ्यात भावजींना लघवीचा संसर्ग झाला, तो रक्तात गेला. इस्पितळात एकामागून एक औषधं दिली, एकही लागू पडेना. शेवटी डॉक्टरांनी इब्तिहालला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी न्या. पोरीनं ज्यावर इतकी वर्षं लिहिलं, ते बापाच्या अंगात शिरलं होतं. मला रडू फुटलं, ती मात्र रडली नाही.

घरी आणल्यावर शेजारणी भेटायला आल्या. आजाऱ्याकडे संत्री न्यावीत, पेरू न्यावेत. यांनी आणली उरलेली पाकिटं! तळमजल्यावरच्या शौकीच्या आईनं तर पिशवी भरून आणली. इब्तिहालचं डोकं फिरलं. पिशवी हिसकावली आणि सगळ्यांना दाराबाहेर काढलं. शौकीची आई जिन्यात बसून रडली. मी इब्तिहालला फाडफाड बोलले, पण तिला ऐकूच येत नव्हतं.

भावजींनी आतून सगळं ऐकलं होतं. त्यांनी तिला जवळ बोलावलं.

"त्यांना परत बोलव."

"बाबा, त्या गोळ्यांनी तुम्हाला काडीचाही गुण येणार नाही."

"ठाऊक आहे मला. मीच बनवायचो ना त्या? पण मी दिलेलं यांनी कधी माघारी धाडलं नाही. मी त्यांचं माघारी धाडून मरू?"

इब्तिहाल उठली. मग खाली उतरली, घरोघर गेली, माफी मागितली. बायका परत आल्या. त्यांच्यादेखत तिनं शौकीच्या आईच्या पिशवीतली एक गोळी बापाच्या जिभेवर ठेवली आणि पाण्याचा पेला ओठांना लावला. भावजी हसले. तेवढ्यासाठी मी तिचे सगळे गुन्हे माफ केले.

दोन दिवसांनी भावजी गेले. मातमाला आलेली प्रत्येक बाई हेच म्हणत होती की, गोळी घेतल्यावर त्यांचा चेहरा कसा शांत झाला होता. इब्तिहाल ऐकून घेत होती. बापाच्या मयतीत वाद काय घालणार?

भावजींचा चाळिसावा दिवस होण्याआधीच शौकीच्या आईनं दार वाजवलं. नातीला खोकला होता, पिशवीतलं काही उरलंय का विचारत होती. इब्तिहालनं तिला आत बसवलं, हात हातात घेतला, नेहमीचं सगळं पुन्हा समजावलं. अगदी मायेनं.

शौकीची आई ऐकत राहिली. मग तितक्याच मायेनं म्हणाली, "अगं पोरी, ती गोळी वाईट असती तर तू स्वतःच्या बापाला दिली असतीस का?"