टिकली लावलेली फ्लॉपी

चौसाळ्याच्या बसस्टँडामागे राधाकिशनचा कॉम्प्युटर क्लास आहे. गेल्या बारा वर्षांत तिकडे कोणी विद्यार्थी फिरकलेला नाही, तरी गडी रोज नऊला शटर वर करतो, जुन्या कॉम्प्युटरचं धूड फडक्यानं पुसतो आणि ऐटीत खुर्चीत बसतो. वस्तू फेकून देणं त्याच्या गावीच नाही. भंगारवाल्याची हाक आली की बायको छबुबाई मुद्दाम मोठ्यानं खोकते.

दसरा झाला आणि शेजारच्या वस्तीवरची विजयमाला आली. तिनं सुरतेकडचं जुनं भरतकामाचं मशीन घेतलं होतं. ते नक्षी घ्यायचं फक्त फ्लॉपीवरून. शाळेच्या बँडपथकाचे चाळीस बिल्ले तिला सोमवारी द्यायचे होते. जमलं तर वर्षभर शाळांचं काम, नाहीतर मंगळवारच्या गाडीनं नवऱ्यासोबत ऊस तोडायला.

"काका, फ्लॉपी हाय का?"

"लई हायेत!" राधाकिशन म्हणाला. किती वर्षांनी कोणी विचारत होतं! तिनं आणलेल्या पेनड्राइव्हवरची नक्षी त्यानं नव्याकोऱ्या फ्लॉपीवर चढवून दिली.

दुपारी विजयमाला परत दारात. मशीन फ्लॉपी ओळखायलाच तयार नव्हतं.

राधाकिशननं कपाळावर हात मारला. मशीन पहिल्या पिढीचं, त्याला निम्म्या क्षमतेची फ्लॉपी लागते. याच्याकडच्या नंतरच्या, दुप्पट क्षमतेच्या. त्यांच्या एका कोपऱ्यात जास्तीचं भोक असतं, तेवढ्यावरून यंत्र दोघींतला फरक ओळखतं. मग काय, भोकावर सेलोटेप चिकटवली, फ्लॉपी निम्म्या क्षमतेची करून घेतली, नक्षी पुन्हा भरली आणि स्कूटर काढून स्वतःच वस्तीवर गेला.

मशीन पुन्हा अडलं.

"जाऊ द्या काका," विजयमाला हसून म्हणाली. "कोयत्याला धार लावून ठिवलीया." त्या हसण्याचं राधाकिशनला फार वाईट वाटलं. ओसरीत तिचा नवरा हनुमान पातेली पोत्यात भरत होता.

राधाकिशन फ्लॉपी उजेडात धरून बघत राहिला आणि स्वतःवरच चिडला. त्याचा कॉम्प्युटर ते भोक खिळ्यानं चाचपतो, म्हणून टेपला फसला. हे मशीन उजेड पाडून बघतं. सेलोटेपमधून उजेड आरपार जाणारच की!

"पोरी, आरशावरची ती मोठी टिकली दे."

"कावून?"

"दे म्हन्तो ना!"

मरून रंगाची टिकली भोकावर बसली. फ्लॉपी आत गेली, मशीन जरासं कुरकुरलं आणि सुई धडाधड चालू झाली. विजयमाला दोन्ही हातांनी कापड ताणून उभी होती. पहिला बिल्ला पुरा होईपर्यंत तिनं मान वर केली नाही.

हनुमान आत आला. त्यानं बिल्ल्यावरून अंगठा फिरवला, आणि तिथंच उभं राहून फोन लावला. ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात, आणि या घरचा कोयता लग्नापासून पुरा होता.

"मुकादम, यंदा आमचा अर्धाच कोयता लिवा," हनुमान म्हणाला. "बायकू येत न्हाई."