मास्तरांच्या कानातली बाई

टक, टक. मधल्या बोटाचं पेर वाकवून दोनदा ठोकायचं आणि म्हणायचं, "चला." मग ते चहाच्या टपरीचं बाकडं असो, नाहीतर माझ्या दुकानातलं काचेचं काउंटर. मास्तर एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी डबल बेल दिल्याशिवाय त्यांचं कुठलंही काम सुरू व्हायचं नाही. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. नोकरी सुटते, खोड सुटत नाही.

आमची वाडी पोलादपूरच्या अलीकडे, हमरस्त्यापासून जरा आत. माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान महाडला, स्टँडजवळ. एका दुपारी मास्तर दुकानात आले. मुलीने मुंबईहून पाठवलेला टॅब टॉवेलात गुंडाळून, वर प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला होता.

"अक्षर जरा मोठं करून दे रे. लय बारीक ठेवलंय."

मी मोठं केलं. अजून मोठं केलं. शेवटी एका ओळीत दोन शब्द मावेनात, इतकं झालं. त्यांनी टॅब लांब धरला, नाकाजवळ धरला, मग खाली ठेवला.

"तुझ्या दुकानात उजेड कमी हाय."

काउंटरवर भर दुपारचं ऊन पडलं होतं. मग तेच हळूच म्हणाले, "काचबिंदू. दोन्ही डोळे. गेलेली नजर परत येत नाय म्हणतात. पोरीला ठाव हाय, आणि आता तुला."

वाडीत ते काठी घेऊन चालायचे, पण गुडघ्याचं निमित्त सांगून. हे सगळं लपवायचं कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. पण वर्षावास तोंडावर आला होता, हे त्याचं कारण. पावसाळ्याचे ते तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, आणि वीस वर्षं ते मास्तर करत होते. बाकी आयुष्यात त्यांनी तिकिटंच वाचली, असं ते स्वतःच म्हणायचे.

"माणूस आंधळा झाला कळलं की लोक खुर्ची देतात, हात देतात. वाचायला कोण देतंय?"

टॅबमध्ये न दिसणाऱ्यांसाठी सोय असते, तुम्हाला माहीत असेल. पडद्यावर बोट ठेवलं की तिथे काय आहे ते एक बाई बोलून सांगते. ते उघडायचं असेल तर दोनदा ठोकायचं. हे मी त्यांना तासभर समजावत होतो आणि ते घामाघूम झाले होते. मग मला सुचलं. "मास्तर, सिंगल बेल दिली की बाई स्टॉपचं नाव सांगणार. डबल बेल दिली की गाडी सुटणार."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग आधी बोलायचं ना रे!"

पेराने ते इतकं जोरात ठोकायचे की मला काचेची काळजी वाटायची. घरी जाताना एसटीत त्यांनी सराव केला, तेव्हा बाईने पासवर्डचा एकेक आकडा अख्ख्या गाडीला ऐकवला. म्हाताऱ्याने नवीन खेळणं घेतलंय, असं समजून लोक हसले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना इअरफोन दिला.

मग तीन रविवार बसून मी ग्रंथाच्या पानांचे फोटो काढले, त्यांची अक्षरं करून टॅबमध्ये भरली, चुका दुरुस्त केल्या. पहिल्या दिवशी बाई प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'पूर्णविराम' म्हणाली. मास्तर वैतागले. "तिला सांग, थांबायचं ते बोलून दाखवायचं नसतं. थांबायचं असतं."

वर्षावास सुरू झाला. मास्तर पांढरा सदरा घालून, कानाला मफलर गुंडाळून चौरंगापुढे बसले. मफलरच्या आत इअरफोन, सदऱ्यातून वायर, मांडीवरच्या पिशवीत टॅब, मुठीत वायरीवरचं बटण. समोर ग्रंथ उघडा. बाई कानात एक वाक्य बोलायची, मास्तर बटण दाबून तिला थांबवायचे आणि ते वाक्य मोठ्याने म्हणायचे. मधूनच अंगठा जिभेला लावून पान उलटायचे. "यंदा मास्तर किती सावकाश वाचतात," बायका म्हणायच्या, "मनात उतरतं अगदी." महाडहून भिजत येऊन मी शेवटच्या रांगेत बसायचो आणि मनातल्या मनात फुगायचो.

हे फुगणंच नडलं. माझा स्वभाव असा, की केलेलं काम दोघांना सांगितल्याशिवाय मला घास गोड लागत नाही. महिनाभर कसंबसं गप्प राहिलो. मग टपरीवर वाडीतल्या दोघांना सगळं सांगितलं. आधी शपथ घातली, मग सांगितलं. "मास्तरांना काहीच दिसत नाय. सगळं आपलं डोकं."

दुसऱ्या दिवशी विहारात पोचलो तेव्हा मेणबत्त्या लागल्या होत्या. रोज कुणीतरी आधी येऊन ग्रंथ चौरंगावर उघडून ठेवतो. त्या दिवशी तो उलटा ठेवला होता. अक्षरांचे पाय वर, डोकी खाली. टपरीवरच्या दोघांपैकी एक खांबाला टेकून उभा होता. त्याने मला डोळा मारला.

चार पावलांचं अंतर होतं. उठून ग्रंथ सरळ केला असता तर कुणी काही विचारलंही नसतं. मी उठलो नाही. त्याच्याशी तिथेच वाजलं असतं आणि मी बोललो हे बाहेर आलं असतं, याची भीती होती. आणि खरं सांगतो, माझ्या कामावर माझा एवढा भरवसा होता की बघूया तरी, असंही क्षणभर वाटलं. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

मास्तर आले, नमस्कार करून बसले. उलट्या ग्रंथावर नजर लावून दोन पानं सुरेख वाचली. पुढे बसलेल्या एका म्हातारीचं लक्ष गेलं.

"मास्तर, ग्रंथ उलटा हाय ओ."

मास्तरांनी पानावरून हात फिरवला. हाताला काय कळणार?

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

त्यांनी चाचपडत ग्रंथ मिटला, कपाळाला लावला आणि मफलर सोडून कानातला इअरफोन सगळ्यांसमोर काढला. "उद्यापासून दुसरं कुणीतरी वाचा."

लोक वाईट नव्हते. वडीलधारी माणसं दोनदा त्यांच्या घरी गेली. ऐकून म्हणा, आम्हाला चालतंय, म्हणाली. मास्तर नाही म्हणाले. लोकांना ऐकायचं होतं, त्यांना वाचायचं होतं.

वर्षावास संपायच्या आत मुलगी त्यांना मुंबईला घेऊन गेली. तिथेच ते वारले. वाडीत जलदान विधी झाला तेव्हा मला बोलायला उभं केलं. मी डबल बेलची गोष्ट सांगितली, पूर्णविरामाची सांगितली. लोक हसले आणि रडले. बाकीचं मी गिळलं.

ते मुंबईला निघाले त्या दिवशी वीर स्टेशनवर त्यांना सोडायला रिक्षातून मीच गेलो होतो. मुलगी डबा कुठे येणार ते विचारायला पुढे गेली. मास्तर माझा खांदा धरून उभे होते.

"तू त्या दिवशी विहारात नव्हतास ना रे?"

"नव्हतो, मास्तर. दुकानात उशीर झाला."

"वाटलंच मला," ते म्हणाले. "असतास तर उठून सरळ केलं असतंस."

गाडी आली. मी दंडाला धरून त्यांना चढवलं, खिडकीशी बसवलं आणि खाली उतरलो. गाडी हलली तसा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि मी जिथे नव्हतो तिकडे बघून हलवत राहिले. मी इथे आहे, एवढं ओरडून सांगायचं होतं. तेही मी सांगितलं नाही.