मुकुटबनची घोरपड

साठच्या दशकात आम्ही यवतमाळहून सहकुटुंब सिलोनला गेलो होतो. अनुराधापूरच्या पडक्या विहारांत आमच्याच जिल्ह्यातल्या मुकुटबन गावचा एक गृहस्थ आम्हाला चिकटला. काखेतली छत्री तो ज्या त्या स्तूपावर रोखायचा अन् म्हणायचा, "यात काय पाह्यचं भाऊ? अशा विटा आमच्या टेकाडावर पडून राह्यल्या." मोर, वानरं, सगळं मुकुटबनात याहून बरं होतं. हत्ती मात्र तिकडे नव्हता, म्हणून त्याच्याकडे त्यानं पाहिलंच नाही. तेवढ्यात तळ्यातून माणसाएवढी घोरपड बाहेर आली. तो माझ्या बायकोमागे लपला अन् तिथूनच बोलला, "आमच्याकडची मोठी असते."

पुढे कामानिमित्त मुकुटबनच्या बाजारात गेलो. कोणीतरी घोरपड धरून आणली होती, अन् तिच्यावर तीच छत्री रोखलेली.

"हे घोरपड हाय? पाल हाय हे. घोरपड पाह्यची तं सिलोनात."

लोक हसू लागले. तेवढ्यात छत्री माझ्याकडे वळली. "इचारा या भाऊले, संगं होते."

मी दोन्ही हात पसरून दाखवले. पुरेनात, म्हणून दोन पावलं मागेही सरकलो. एवढ्या लांब जाऊन आलेल्या माणसानं लहान घोरपड कायले सांगावी?