साउथहॅम्प्टन : मेनू नाही, आणि आग्रहही नाही

या ब्लॉगवर आजवर जेवढ्या जागांबद्दल लिहिलं, तिथे जाण्याचं कारण सरळ होतं. कुठेतरी काहीतरी चांगलं मिळतं असं कळलं की आम्ही गाडी काढतो. या वेळी तसं नव्हतं. साउथहॅम्प्टनचं हे छोटं मेक्सिकन कॅफे माझ्या नणंदेच्या सासूबाईंचं आहे, तेव्हा मी निःपक्षपाती आहे असं कुणी समजू नये. शिवाय आमच्याबरोबर माझे सासरे होते, आणि ते तिथे जेवायचं नाही असं ठरवूनच निघाले होते.

थोडं मागचं सांगते. मुग्धा ही माझ्या नवऱ्याची, अमेयची, धाकटी बहीण. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमध्ये एक्स-रे विभागात काम करते. माझ्या सासूबाई गेल्यानंतर बरीच वर्षं पुण्यातलं घर तिने एकटीने सांभाळलं आणि बाबांना सकाळ-संध्याकाळ वाढलं. मग ती शिकायला इकडे इंग्लंडला आली, नोकरीला लागली आणि दोन वर्षांपूर्वी तिने तोमासशी लग्न केलं. बाबा लग्नाला आले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. त्याच महिन्यात ते सिंहगड चढून आल्याचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर आले, पण तो विषय आम्ही कुणी काढला नाही.

भांडण झालं नाही. बाबा भांडत नाहीत. त्यांनी फक्त तिच्याशी थेट बोलणं बंद केलं. व्हिडिओ कॉल लागला की स्क्रीनवर आम्ही सगळे असायचो आणि बाबा मला सांगायचे, "केतकी, तिला विचार, थंडी किती आहे." मुग्धाला ते ऐकू जायचं. ती म्हणायची, "वहिनी, त्यांना सांग, चार डिग्री." एकाच कॉलवर असलेल्या दोन माणसांमध्ये मी दोन वर्षं तापमान पोचवत होते.

यंदा उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे मिल्टन कीन्सला आले. अमेयने एका शनिवारी साउथहॅम्प्टनचा बेत जाहीर केला. बाबा शांतपणे म्हणाले, "येईन की. पण लेकीच्या सासरी अन्नाला शिवायचं नाही. तिला मूल होईपर्यंत. रिवाज आहे."

"कुणाचा?" अमेयने विचारलं.

"आपला."

हा रिवाज आमच्या घरात गेल्या दोन पिढ्यांत कुणी पाळल्याचं ऐकिवात नाही. पण आम्ही वाद घातला नाही, कारण आमचा भरवसा दुसऱ्या एका रिवाजावर होता. इथे जन्मलेल्या वाचकांसाठी सांगते. आपल्याकडे पाहुणा पहिल्यांदा "नको" म्हणतो ते खरं धरत नाहीत. दुसऱ्यांदा म्हणतो तेही नाही. यजमान आग्रह करत राहतो आणि तिसऱ्या वेळी पाहुणा "एवढं म्हणताय तर" असं म्हणून पाट ओढतो. बाबा दोनदा नको म्हणतील, तिसऱ्यांदा जेवतील, आणि एकदा त्या घरात जेवले की पुढचं आपोआप होईल, असा आमचा हिशेब होता. खरं तर बाबांचाही तोच असावा.

सकाळी नऊच्या सुमारास निघालो. मिल्टन कीन्समधून बाहेर पडायचं म्हणजे एकामागून एक गोल चकरा. "या गावात सरळ रस्ता करायला मनाई आहे का?" असं बाबांनी विचारलं. बकिंगहॅम, बिस्टर, मग ऑक्सफर्डच्या बाजूने ए थर्टी-फोर धरून थेट दक्षिणेला. मोकळा रस्ता असेल तर सव्वादोन-अडीच तासांचं अंतर आहे. शनिवारी मोकळा नसतो. न्यूबरीच्या आसपास कॅरव्हॅन ओढणाऱ्या गाड्यांच्या मागे आम्ही असे अडकलो की अमेयने सर्व्हिसेसला गाडी घेतली. तिथली कॉफी महाग आणि बेचव आहे, थर्मास घेऊन जा. बाबांनी आपला डबा तिथेच उघडला. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी, खास त्यांच्यासाठी, साउथहॅम्प्टनला उपाशी राहायला लागू नये म्हणून केलेली. ती त्यांनी अकरा वाजता पार्किंगमध्ये उभ्या उभ्या संपवली. त्यानंतर पुन्हा ट्रॅफिक लागला.

पोचेपर्यंत दोन वाजून गेले. कॅफेच्या गल्लीत फक्त रहिवाशांना पार्किंग आहे, म्हणून गाडी बहुमजली पार्किंगला लावून दहा-पंधरा मिनिटं चालावं लागतं. चढ नाही, वयस्क माणसांना जमतं. रस्त्याच्या टोकाला, घरांच्या छपरांवर, पांढरी शुभ्र खिडक्याखिडक्यांची इमारत दिसत होती. "केवढी सोसायटी बांधलीय," बाबा म्हणाले. ती क्रूझची बोट होती. अमेयने सांगितल्यावर बाबांनी थांबून तिच्याकडे नीट पाहिलं आणि "तरी मेंटेनन्स असणारच," असं म्हणून पुढे चालायला लागले.

कॅफेची जागा म्हणजे पूर्वीची लाँड्री. पाच टेबलं, वेगवेगळ्या उंचीच्या खुर्च्या, भिंतीला पिवळा रंग. फळा नाही, कार्ड नाही. मुग्धाच्या सासूबाई, ज्यांना सगळे दोन्या लुपे, म्हणजे लुपेबाई, म्हणतात, मनात येईल ते रांधतात आणि पातेलं रिकामं झालं की दुकान बंद. आत काय शिजतंय हे जाणून घ्यायचं असेल तर सकाळी फोन करायचा. नाहीतर यायचं आणि समोर येईल ते जेवायचं. आम्ही शिरलो तेव्हा गोदीवरचा, पिवळ्या जाकिटातला एक दांडगा माणूस तोमासला विचारत होता, "व्हॉट इज इट टुडे, मेट?"

"लंच," तोमास म्हणाला, आणि त्या माणसाने समाधानाने मान डोलावली.

तोमास वाकून बाबांच्या पाया पडला. कुणीतरी शिकवलं होतं, नीट शिकवलं होतं. बाबांनी "असू दे, असू दे" म्हणत त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मुग्धा पलीकडे काउंटरला उभी होती. ती शनिवारी इथे मदत करते. तिने येऊन नमस्कार केला तेव्हाही बाबा "असू दे" एवढंच म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून, "केतकी, तिला सांग, बारीक झालीय."

हात धुवायच्या निमित्ताने मी आत गेले. मुग्धा मागोमाग आली.

"वहिनी, ऐक. मी आग्रह करणार नाहीये. तूही करू नकोस, दादालाही सांग."

"अगं, ते नको म्हणतील."

"म्हणू देत ना. इथे कोणी फोर्स करत नाही कुणाला. तोमासची आई तर अजिबात नाही. त्यांना हवं असेल तर ते सांगतील. मलाच सांगतील." मग जरा थांबून म्हणाली, "मी टू इयर्स वाट बघितलीय. मध्ये आता कोणी नको."

ती रागावलेली नव्हती. पण तिचं ठरलं होतं. मला मात्र भीती वाटली, कारण मी दोघांनाही ओळखते.

जेवण आलं. त्या दिवशी मांस नव्हतं, आम्ही शाकाहारी असल्याचं मुग्धाने आधीच बोलून ठेवलं होतं. काळ्या घेवड्याची दाट उसळ, टोमॅटोचा लालसर भात, मक्याचे दाणे घालून परतलेली झुकिनी, गाजर-मिरचीचं आंबट लोणचं आणि फडक्यात गुंडाळलेल्या मक्याच्या तळहाताएवढ्या भाकऱ्या. दोन्या लुपे स्वतः प्लेटा घेऊन आल्या. ठेंगण्या, केस घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर कामाची घाई. बाबांनी हात जोडले आणि हसून म्हणाले, "नो नो, थँक यू. आय ॲम फुल."

"ओके," दोन्या लुपे म्हणाल्या.

आणि त्यांनी प्लेट उचलली. पलीकडच्या टेबलावर गोदीवाल्याचं जेवण यायचं होतं, त्याच्यापुढे ती ठेवली. बाबांची नजर प्लेटबरोबर तिथपर्यंत गेली आणि तिथेच राहिली. दुसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही. मक्याच्या भाकऱ्यांची टोपली आली, ती माझ्यासमोर आणि अमेयसमोर ठेवली गेली. बाबांच्या वाट्याला जास्वंदीचं थंडगार सरबत आलं. ते त्यांनी घेतलं. पाणीही घ्यायचं नाही असं रिवाजात होतं, पण सरबत म्हणजे पाणी नव्हे, असं त्यांनी मला हळूच समजावलं.

आम्ही जेवायला लागलो. जेवण उत्तम होतं. अमेयला राहवेना. "बाबा, थोडंसं तरी..." एवढं तो म्हणतो तोच काउंटरवरून आवाज आला, "दादा, तू जेव."

मला तिचा रागच आला, खरं सांगते. सत्तरी ओलांडलेला माणूस रिकाम्या टेबलाशी बसलाय आणि ही ग्लास पुसतेय. दुसरीकडे, तो माणूस दोन वर्षं हट्टाने बसला होता तेव्हा तीही अशीच रिकामी बसली होती, हेही मला दिसत होतं. मी उसळ ढवळत राहिले. बाबा भिंतीवरचा पिवळा रंग बघत होते. पुऱ्या खाऊन तीन तास होऊन गेले होते.

गोदीवाल्याने मान वर करून विचारलं, "एनी मोअर, लव्ह?"

दोन्या लुपेंनी पातेल्यात डाव फिरवला. तळाला घासल्याचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. "वन मोअर प्लेट. देन फिनिश." तोमास दारावरची पाटी उलटी करायला उठला. एवढी एक प्लेट गेली की कॅफे बंद आणि आम्ही परत मिल्टन कीन्सच्या वाटेला, बाबा पुढच्या महिन्यात पुण्याला.

"मुग्धा," बाबा म्हणाले.

तिने ग्लास खाली ठेवला.

"वाढतेस का?"

"हो बाबा."

ती आत गेली आणि यायला तिला जरा वेळ लागला. गोदीवाल्याला दोन्या लुपेंनी काय सांगितलं माहीत नाही, पण त्याने परत मागितलं नाही. मुग्धाने आणलेली प्लेट आमच्यासारखी नव्हती. लोणचं डावीकडे, उसळ आणि भाजी उजवीकडे, मधे भाताची मूद, मीठ वरच्या बाजूला. पान वाढतात तसं वाढलेलं. बाबांनी ते पाहिलं, आणि मान खाली घालून जेवायला लागले. मला फार बरं वाटलं. अमेय उगाचच बिल मागायला उठला, तिथे कागदाचं बिल नसतंच.

थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "भाकरी गार झालीय."

"दुसरी भाजते," मुग्धा म्हणाली.

बाबा तक्रार करायला लागले म्हणजे आता सगळं ठीक आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

नंतर मुग्धाने सासूबाईंना आग्रहाची पद्धत समजावली. त्या तोंडावर हात ठेवून ऐकत होत्या. "सो ही वॉज वेटिंग फॉर मी? ऑल धिस टाइम?" मग आत जाऊन दालचिनी घातलेली तांदळाची खीर घेऊन आल्या, बाबांसमोर उभ्या राहिल्या आणि बोटं मोजत म्हणाल्या, "राइस पुडिंग? राइस पुडिंग? राइस..."

"येस," बाबा पहिल्यालाच म्हणून मोकळे झाले होते.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: माणशी वीस पौंडांच्या आत जेवण होतं, रोख नेलेली बरी. एकच्या आधी पोचा. शाकाहारी असाल तर सकाळी फोन कराच. आणि भूक असेल तर हो म्हणा.

घरी परतताना बाबा मागच्या सीटवर झोपले. मला त्या जेवणातलं लोणचं लक्षात राहिलंय, मी ते दोनदा घरी करून पाहिलं आणि दोन्हीदा बिघडलं. लेकीच्या सासरी न जेवण्याचा रिवाज परत कुणी काढला नाही. तो जसा आला तसाच गेला.

बाबा आता पुण्यात आहेत. मागच्या आठवड्यात आम्ही पुन्हा साउथहॅम्प्टनला जायचं ठरवलं. मी तसं बाबांना फोनवर सांगितलं.

"या शनिवारी नका जाऊ," ते म्हणाले. "मासे आहेत. पुढच्या शनिवारी भोपळा करणार आहेत, तेव्हा जा."

"तुम्हाला कसं कळलं?"

"विचारतो की रोज. मी दुपारचा चहा घेतो तेव्हा तिथे सकाळ असते, मुग्धा कामावर निघालेली असते. मेनू नाही म्हटल्यावर विचारायला नको का?"

मी म्हटलं, बरं, मग पुढच्या शनिवारी जातो. मुग्धाला तुमचा काही निरोप सांगायचाय का?

"नको," बाबा म्हणाले. "माझं झालंय तिच्याशी बोलणं."