एकाच टोकाचं शिखर

दाणी सरांना कुणी आनंदाची बातमी सांगितली, की ते आधी चष्मा काढून पुसत बसत. तेवढ्यात सांगणाऱ्याचा निम्मा उत्साह मावळे. मग ते विचारत, “दुसरं टोक पाहिलं का?”

सर मूळचे नागपूरचे, भोपाळच्या आमच्या प्रयोगशाळेत माझे मार्गदर्शक. केसाहून कितीतरी बारीक अशा अर्धवाहक तारेवर अतिवाहक धातूचा थर चढवायचा, ती कडाक्याच्या थंडीत ठेवायची आणि तिच्यातून वीज कशी वाहते ते मोजायचं, हे आमचं काम. अशा तारेच्या दोन्ही टोकांना इलेक्ट्रॉनांची एक अद्भुत अवस्था सापडावी, असं गणित सांगतं. ती असली, की आलेखाच्या मधोमध शिखर उभं राहतं. सरांनी त्या शिखरापायी उमेदीची सगळी वर्षं घातली होती.

पीएचडीच्या चौथ्या वर्षी ते मला दिसलं. लेख लिहून तयार झाला, परदेशातली नोकरी त्याच्यावरच अडली होती. मी नाचतच सरांकडे गेले. चष्मा पुसून झाला.

“नाचून काहून राहिली? दुसरं टोक?”

दुसऱ्या टोकाला काहीच नव्हतं. तारेतच कुठेतरी खोट होती आणि तिथे अडकलेले इलेक्ट्रॉन हुबेहूब तसंच शिखर दाखवत होते. “खोट शंभर सोंगं घेते, बेटा,” म्हणत सरांनी लेख बाजूला ठेवला. नोकरी हुकली. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांचं बरोबर होतं, म्हणून तर जास्त राग आला.

गेल्या हिवाळ्यात सरांनी अंथरूण धरलं. भोपाळमधल्याच कोटरा सुल्तानाबाद भागातल्या त्यांच्या घरी गेले, तर काकूंनी दारातच माझा हात धरला. “सापडलं म्हणून सांग ना गं त्यांना. डॉक्टरपण ‘ठीक हो जाओगे’ म्हणतात.” मी मान डोलावली.

नव्या तारेत शिखर आलं होतं, पण एकाच टोकाला. “सर, शिखर आलंय,” मी म्हटलं आणि थांबले.

सरांचा हात चष्म्याकडे गेला, पण तो काढता येईना. मी काढला, ओढणीने पुसला, परत लावून दिला. सर माझ्याकडे नुसते पाहत राहिले. काहीच विचारलं नाही.

“दुसऱ्या टोकाला नाही, सर.”

ते हसले. “या घरात सगळे मले खूश करून राहिले. तू एक खरं बोलली. उद्या दुसरी तार लाव.”

दुसऱ्या दिवशी दुपारी सर गेले.

तेरावं झाल्यावर मी नवी तार लावली. दोन्ही टोकं मोजली. दोन्हीकडे काही नव्हतं. वहीत तसं लिहिलं आणि मग पोटभर रडले.