दोरीवरचे रुमाल

कुंभरे मॅडम विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या आधी रुमाल गोळा करत. सकाळी वाचनकक्ष उघडल्यावर तासाभराने हातात प्लास्टिकची बादली घेऊन त्या फेरीला निघत. ज्या खुर्चीवर माणूस नाही, नुसता रुमाल आहे, तो रुमाल बादलीत. मग मागच्या नळावर साबण लावून सगळे रुमाल धुवायचे आणि व्हरांड्यातल्या दोरीवर वाळत घालायचे. ज्याचा असेल त्याने सर्वांसमोर ओळखून न्यायचा. एकदा एका प्राध्यापकांचा रुमालही दोरीवर चढला. ते शोधत आले, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "सर, तुमचा तो निळा का? वाळला नाई अजून."

त्या मूळच्या रोहण्याच्या. घरी गोंडी बोलत, आमच्याशी वऱ्हाडी. राग अनावर झाला की गोंडीत पुटपुटत. शब्द कळत नसले तरी मुद्दा कळायचा. मी त्यांच्या हाताखाली सहायक होतो. पहिल्याच दिवशी मी "शांतता राखा" अशी मोठी पाटी करू का, असं विचारलं, तर म्हणाल्या, "भोयर, पाटी वाचाले आले असते तं पोट्टे गप नसते बसले का?"

ही बादली मात्र उगाच आली नव्हती. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपल्याकडची रीत. मुलांनी ती वाचनकक्षात आणली. हिंगणघाटच्या प्रफुलची टोळी सकाळी पंख्याखालची अख्खी रांग रुमालांनी धरायची आणि दुपारपर्यंत टपरीवर बसायची. एके दिवशी आंजीच्या एका मुलीने रुमाल बाजूला करून बैठक मारली. टोळी परतली, आरडाओरडा झाला, खुर्ची ढकलली गेली आणि कपाटाची काच फुटली. कुलसचिवांनी फर्मान काढलं: टोळीची ओळखपत्रं रद्द आणि वाचनकक्ष बेमुदत बंद.

मला तर तो निर्णय पटला होता. ब्याद जाईल, असं वाटलं. मॅडम मात्र तडक कुलसचिवांकडे गेल्या, मलाही नेलं. "साहेब, भाड्याच्या खोलीत चौघी-चौघी राहतात या खेड्यातल्या पोरी. टेबल ठेवाले जागा नाई. कक्ष बंद केला तं त्या वाचतीन कुठं? अन् कार्ड काढून घेतलं तं पोट्टा पुस्तकाले मुकते, दांडगाईले नाई मुकत. आठ दिवस द्या. नाई जमलं तं किल्ली मी सोता आनून देईन." साहेबांनी आठ दिवस दिले. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "निदान एक सुरक्षारक्षक तरी मागायचा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाजारातून बादली आणायला धाडलं.

दुसऱ्या दिवशी प्रफुल तणतणत आला. "मॅडम, माह्या रुमालाले हात काऊन लावला?"

"मळला होता, धुतला. घेऊन जाय. पन मले सांग, परीक्षेले तू बसशीन का रुमाल बसन?"

कक्ष हसला. प्रफुल लाल झाला. त्यानंतर टोळी जागेवर बसू लागली, पण मुद्दाम मोठ्याने गप्पा ठोकायला. मॅडमनी दाराजवळची आपली खुर्ची उचलली, त्यांच्या टेबलाशी ठेवली आणि फाटक्या पुस्तकांना चिकटपट्ट्या लावत बसल्या. ओरडल्या नाहीत, उठल्याही नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी प्रफुल कंटाळून म्हणाला, "तुमी जा ना आता, मॅडम."

"तू वाचाले लाग, मी जातो. बोलनं असन तं बोल, मी आयकून राह्यली."

त्याने पुस्तक उघडलं. मग थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "पन चहाले गेलो तं जागा जाते. हे बराबर हाय का?" मॅडमचे हात थांबले. त्यांना हा प्रश्न न्यायाचा वाटला, आणि त्यांचं हेच मला फार आवडायचं. भांडखोराचंही बरोबर असेल तर त्या मान्य करत. त्यांनी तिथेच ठरवलं: चहापुरतं जायचं तर टेबलावर उघडं पुस्तक ठेवायचं, जागा राहील. चहा लांबला, तर जागा दुसऱ्याची. आठव्या दिवशी कुलसचिव आले. रांगेत फिरले, उघडी पुस्तकं पाहिली, दोरी रिकामी पाहिली आणि किल्लीचं नाव न काढता निघून गेले. मॅडमनी त्या दिवशी मला स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकर दिली. त्यांचा विजयोत्सव एवढाच.

काही वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. शाल, नारळ, भाषणं आटोपून त्या पिशवी घ्यायला कक्षात आल्या, तर दाराजवळच्या खुर्चीवर इस्त्री केलेला पांढरा रुमाल. शेजारी प्रफुल उभा. तो आता नोकरीच्या परीक्षांची तयारी करत होता. "तुमची जागा धरून ठेवली, मॅडम. कोनाले बसू देनार नाई."

मॅडमचे डोळे भरून आले. माझेही. पण त्यांनी रुमाल उचलला, त्याच रुमालाने डोळे पुसले आणि तो प्रफुलच्या हातात ठेवला. "रुमाल टाकल्यानं जागा होत नाई, बाप्पा. बसल्यानं होते." भिंतीशी एक नवी मुलगी पुस्तकं छातीशी धरून जागा शोधत होती. "ये माय, इथं बस," त्या म्हणाल्या, आणि पिशवी घेऊन आवाज न करता पायऱ्या उतरल्या.

आता मॅडमचं पद माझ्याकडे आहे. त्यांच्या त्या खुर्चीवर मात्र मी अजून बसलेलो नाही. ती रिकामी सापडतच नाही.